अळीचं पान

आंब्याच्या बागेत बांडगूळ दिसलं की कोयता निघतो. त्यात बागायतदाराचं काही चुकत नाही. फांदीत मुळं रुतवून झाडाचं पाणी आणि क्षार ओढून घेणारी ही वनस्पती वाढू दिली, तर फांदी हळूहळू वाळते आणि मोहोर रोडावतो. फांदीसकट छाटा, असाच सल्ला कृषी खातंही देत आलंय. पेण-रोह्याकडच्या बागांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. पण त्याच बांडगुळाच्या जाड पानावर कधीकधी पिवळ्याधमक अंड्यांच्या नीटस रांगा सापडतात. ती अंडी हळदीकुंकू नावाच्या फुलपाखराची. पंख मिटून बसलं की खालच्या बाजूचा हळदीचा पिवळा रंग आणि कडेचे कुंकवाचे ठिपके लांबूनही दिसतात. इंग्रजीत त्याला कॉमन जेझेबेल म्हणतात. त्याची मादी एकेक अंडं न घालता एका पानावर घोळक्यानं अंडी घालते. अळ्याही घोळक्यानंच खातात आणि पुष्कळदा कोषही एकमेकींजवळच करतात. या अळ्यांना बांडगुळाच्या कुळाबाहेरचं पान चालत नाही. तालुक्यातलं सगळं बांडगूळ उद्या छाटलं, तर हळदीकुंकूही तालुक्यातून जाईल. मग अंगणात कितीही झेंडू लावा.

फुलपाखरं वाचवायची म्हणजे फुलझाडं लावायची, अशी बहुतेकांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. फूल लागतं ते मोठ्या झालेल्या फुलपाखराला, आणि बहुतेक फुलपाखरं अनेक प्रकारच्या फुलांतला मध पितात. निवड असते ती मादीची. अंडं घालायला ती ठरावीक वनस्पती शोधते. पायांनी पान चाखते आणि ते योग्य वाटलं तरच अंडं चिकटवते. अळी तिथंच जन्मते आणि तेच पान खाऊन वाढते. बहुतेकदा एका जातीला एक पान, फार तर एकाच कुळातली चार-सहा पानं. म्हणून एखाद्या गावात कोणती फुलपाखरं आहेत हे बागेतल्या फुलांपेक्षा बांधावरच्या, कुंपणातल्या आणि ओढ्याकाठच्या झाडोऱ्यावरून ठरतं. रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत फुलपाखरांसाठी आणि पतंगांसाठी काही करायचं असेल, तर सुरुवात त्या झाडोऱ्यापासून करावी लागते. या लेखात मला तेवढंच सांगायचं आहे. बाकीचा सगळा तपशील आहे, आणि खरी गोडी त्या तपशिलातच आहे.

हे दोन तालुके आडवे-उभे नीट पाहण्यासारखे आहेत. पेणच्या पश्चिमेला खाडी, खारेपाट आणि भातशेतं, तर पूर्वेला डोंगर. महालमिऱ्या, सांकशीचा किल्ला आणि विनोबांचं गागोदे त्याच बाजूला. दक्षिणेकडे गेलं की नागोठण्याची अंबा नदी ओलांडून कुंडलिकेच्या काठचं रोहा लागतं. शहराच्या डोक्यावर अवचितगड, एका अंगाला धाटावची औद्योगिक वसाहत, आणि तालुक्याच्या पश्चिम कडेला मुरूडपर्यंत पसरलेलं फणसाडचं अभयारण्य. जंजिऱ्याच्या नवाबाचं हे जुनं शिकारीचं रान १९८६ साली अभयारण्य झालं. तिथल्या पाणवठ्यांना लोक ‘गाण’ म्हणतात. चिखलगाणीसारख्या जागी पावसाळा सरता सरता ओल्या मातीवर नर फुलपाखरं सोंड लावून बसलेली असतात. त्यांना पाण्याबरोबर मातीतले क्षार हवे असतात, मुख्यतः सोडियम. मिलनाच्या वेळी त्यातला काही भाग मादीकडे जातो आणि अंड्यांना उपयोगी पडतो. एका तालुक्यात खाडी, भात, आमराई, सागवान, ऐन-किंजळाचं रान आणि कातळसडे एवढे जवळजवळ असणं ही कोकणाची श्रीमंती आहे.

त्या श्रीमंतीतला मोठा हिस्सा आपण तण म्हणून उपटतो. पहिला पाऊस पडून आठवडा झाला की टाकळा उगवतो. कोवळा असताना आपण त्याची भाजी करतो, आणि तो जून झाला की त्याच्यावर पिवळ्या-पांढऱ्या लहान फुलपाखरांचा हक्क असतो. इंग्रजीत ज्यांना ग्रास यलो आणि एमिग्रंट म्हणतात त्यांच्या अळ्या टाकळ्यावर वाढतात. एमिग्रंटांना बाहवाही चालतो. बांधावरच्या रुईवर बिबळ्या कडवा. रुईच्या चिकातली विषारी द्रव्यं त्याची अळी अंगात साठवते. असं फुलपाखरू एकदा खाल्लेला पक्षी ओकतो आणि पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. वड, उंबर, कण्हेर यांच्यावर हबशी, म्हणजे इंग्रजीतला कॉमन क्रो.

घोळूची गंमत आणखी वेगळी. बाजारात जुडी मिळते, परसात आपोआप उगवते आणि निंदणीत निघून जाते. तिच्यावर छोटा चांदवा अंडी घालतो. त्याचा नर काळा, पंखांवर मोठे पांढरे चंद्र आणि त्यांच्या कडेला जांभळी झाक. मादी मात्र अगदी वेगळी, हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी नारिंगी. तिच्या अंगात विष नाही, पण विषारी फुलपाखराचा वेश घेतल्यामुळे पक्षी तिच्यापासून लांब राहतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या यादीत, या फुलपाखराचं नाव घातलं होतं. आणि त्याच्या अळीचं पान आपण परसातलं गवत म्हणून खुरप्यानं काढतो. कायद्यानं फुलपाखराला संरक्षण दिलं. घोळूला मात्र कुठलाच कायदा नाही.

हे अळीपासून सुरू होणारं शास्त्र आपल्या भागाला नवीन नाही. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोघे होते. पतंगांचा मोठा संग्राहक कर्नल चार्ल्स स्विन्हो होता आणि एडवर्ड हॅमिल्टन एटकेन होता. एटकेन १८५१ साली साताऱ्यात जन्मला. आधी पुण्यात डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवत असे, पुढे कस्टम आणि मीठ खात्यात लागला. या नोकरीत त्याची नेमणूक पेणच्या शेजारच्या उरणलाही झाली होती. मिठागरांवर देखरेख करणारा हा माणूस मोकळ्या वेळात किडे, बेडूक, पक्षी पाहत असे आणि ‘ईएचए’ या आद्याक्षरांनी त्यांच्याविषयी लिहीत असे. कारवारकडे गेल्यावर त्याला जे. डेव्हिडसन आणि वनखात्यातला टी. आर. बेल भेटले. या तिघांनी उत्तर कानडा जिल्ह्यातल्या फुलपाखरांवर सोसायटीच्या नियतकालिकात जे लिहिलं, त्याचं वैशिष्ट्य त्यांच्या पद्धतीत होतं. जाळ्यानं फुलपाखरू पकडून टाचणी टोचण्यावर ते थांबले नाहीत. झाडावर अळी शोधायची, ती कोणतं पान खाते ते लिहून ठेवायचं, तीच पानं रोज आणून घालायची आणि कोषातून काय निघतं ते पाहायचं. बेलनं पुढं हीच रीत हॉक मॉथ या मोठ्या पतंगांसाठी वापरली आणि १९३७ साली स्कॉट या सहकाऱ्याबरोबर त्यांच्यावरचा ग्रंथ काढला. कोणत्या अळीला कोणतं पान, याची पश्चिम घाटातली आजची माहिती त्यांनी घातलेल्या पायावर उभी आहे. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. काचेची बरणी, रोज ताजं पान आणि सकाळ-संध्याकाळ पाहण्याची सवय, एवढ्यावर त्यांचं काम चाले.

ही सवय कोणत्याही शाळेत लावता येते, आणि त्यासाठी कढीपत्त्याच्या एका झाडाइतकं सोयीचं काही नाही. पेणमध्ये एका घराच्या मागच्या दारी मी ते झाड निवांत पाहिलंय. कोवळ्या पानावर मोहरीहून लहान, फिकट पिवळं, गोल अंडं. तीन-चार दिवसांत ते काळवंडतं आणि त्यातून अळी निघते. ती आधी आपल्याच अंड्याचं कवच खाते. पहिले काही दिवस ती तपकिरी असते, मध्ये पांढरा पट्टा, अगदी चिमणीच्या विष्ठेसारखी, म्हणून पक्षी तिच्याकडे वळत नाहीत. मग एका कातीनंतर ती एकदम हिरवीगार होते आणि पानांत दिसेनाशी. काडीनं हळूच डिवचलं की डोक्यामागून दोन टोकांची लालसर शिंगं बाहेर काढते आणि लिंबासारखा उग्र वास सुटतो. तो वास मुंग्यांना आणि परजीवी गांधीलमाश्यांना लांब ठेवण्यासाठी. सगळ्याच वेळी तो उपाय चालत नाही. कितीतरी कोषांतून फुलपाखराऐवजी बारीकशा गांधीलमाश्याच निघतात, आणि मुलांना हेही पाहू द्यावं. सारं नीट पार पडलं तर तीन-चार आठवड्यांत पिवळ्या-काळ्या नक्षीचं लिंबावरचं फुलपाखरू पंख वाळवत बसलेलं दिसतं. ज्या मुलानं हे एकदा पाहिलं, ते पुढं अळी दिसली म्हणून झाडावर औषध मारायला धजावत नाही. आमटीपुरती पानं उरतातच.

कढीपत्त्याच्या त्याच कुळातलं माकडलिंबू आपल्या रानांत वाढतं. काटेरी, छोट्या लिंबांचं झुडूप. त्यावर आणि पपनसावर नीलवंत वाढतो, काळ्या पंखांवर फिक्या निळ्या रंगाचे मोठे पट्टे असलेलं आपलं राज्य फुलपाखरू. २०१५ साली महाराष्ट्रानं त्याची निवड केली तेव्हा देशात असं करणारं हे पहिलंच राज्य होतं. तेव्हा त्याला राणी पाखरू म्हणत. नंतर राज्य जैवविविधता मंडळानं पावणेतीनशेच्या आसपास फुलपाखरांना मराठी नावं दिली. हेमंत ओगले, डॉ. राजू कसंबे, डॉ. विलास बर्डेकर अशी फुलपाखरांत मुरलेली माणसं त्या कामात होती. या नावांमुळे शाळेतल्या मुलांशी बोलणं सोपं झालं, हे खरंच मोठं काम आहे. मात्र नीलवंताचं चित्र भिंतीवर रंगवणाऱ्या गावाच्या रानात माकडलिंबू उरलंय का, हे कुणी विचारत नाही. सरपणासाठी, शेतघराच्या प्लॉटसाठी, रस्त्यासाठी आधी तोडली जातात ती झुडपं. मोठी झाडं मोजली जातात, त्यांना परवानगी लागते. झुडूप कुणाच्याच हिशेबात नसतं.

गावातल्या माणसांना काय करून दाखवता येतं याची दोन उदाहरणं आपल्या ओळखीची आहेत. ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर ओवळे गावात राजेंद्र ओवळेकर या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकानं घरच्या सुमारे दोन एकर जागेत फुलपाखरांसाठी बाग उभी केली. तिथं त्यांनी आधी अळ्यांची झाडं लावली आणि मग फुलझाडं. फुलपाखरं आणून सोडावी लागली नाहीत, आजूबाजूच्या रानातून ती आपणहून आली. दुसरं उदाहरण सिंधुदुर्गातलं. आंबोलीच्या पायथ्याचं पारपोली गाव आज फुलपाखरांचं गाव म्हणून ओळखलं जातं. तिथं गावकऱ्यांनी वाटाडे म्हणून काम घेतलं आणि फुलपाखरं पाहायला येणाऱ्यांच्या पैशातला वाटा गावात राहू लागला. रायगड जिल्ह्यातही, फुलपाखरांचं नसलं तरी, असं काम झालेलं आहे. म्हसळा तालुक्यातल्या चिरगावनं महाडच्या ‘सीस्केप’ संस्थेबरोबर गिधाडांसाठी जे केलं, ते अख्ख्या गावाच्या संमतीशिवाय झालंच नसतं. गिधाडासारख्या, कुणालाही सुंदर न वाटणाऱ्या पक्ष्यासाठी गाव उभं राहतं, तर फुलपाखरासाठी का राहणार नाही?

पेण-रोह्यात जागा विकत घेऊन बाग करण्याची गरजही नाही, रान अजून दाराशी आहे. इथल्या कामाची वाट थोडी वेगळी असावी असं मला वाटतं. कातकरी आणि ठाकर वाड्यांतल्या माणसांना कोणतं झुडूप कुठं आहे हे घरच्या अंगणासारखं ठाऊक असतं. ईश्वरी, म्हणजे सापसंद, हा वेल ओढ्याच्या कोणत्या वळणावर आहे हे त्यांना विचारावं. त्या वेलावर क्रिमझन रोझ आणि कॉमन रोझ ही लाल अंगाची काळी फुलपाखरं वाढतात. सर्पदंशावरचं औषध म्हणून या वेलाची मुळं खणली गेली. त्याच वेलात मूत्रपिंडांना अतिशय घातक असं अॅरिस्टोलोकिक आम्ल असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला कर्करोगकारक ठरवलंय. अळीला मात्र तेच विष संरक्षण देतं. म्हणून हा वेल औषधासाठी न खणता जागेवर राहू देणं माणसाच्याही भल्याचं आहे. शाळेच्या रोपवाटिकेत जास्वंद आणि शोभेच्या रोपांच्या शेजारी ईश्वरी, माकडलिंबू, बेल, बाहवा आणि कळंब यांची रोपं हवीत. त्यांचं बी गोळा करून देण्याचे पैसे वाडीवरच्या बायकांना मिळायला हवेत. फुकट माहिती काढून घेण्याची आपली सवय जुनी आहे, ती इथं तरी नको.

आता रात्रीकडे वळतो. फुलपाखरांच्या जगात जेवढ्या जाती आहेत, त्यांच्या सातपट-आठपट पतंगांच्या आहेत. भारतात फुलपाखरांच्या तेराशेहून अधिक, आणि पतंगांच्या नोंदलेल्या जाती दहा हजारांच्या पुढे. तरी फुलपाखरासाठी गाव, उत्सव, राज्यमान्यता, आणि पतंगासाठी झाडू. ही उपेक्षा मला बोचते. पपईच्या फुलांवर रात्री हॉक मॉथ येतात आणि परागीभवन करतात. सोनटक्का रात्री घमघमतो तो त्यांच्याचसाठी. वटवाघळांचं, रातव्याचं आणि घरट्यातल्या पिलांना अळ्या भरवणाऱ्या असंख्य पक्ष्यांचं पोट पतंगांवर चालतं.

२०१२ साली अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये काही हौशी मंडळींनी राष्ट्रीय पतंग सप्ताह सुरू केला. जुलैचा शेवटचा पूर्ण आठवडा. आज तो जगभर साजरा होतो, भारतातही जोरात. रोह्याजवळ एका शेतघराच्या पडवीत अशी रात्र मी पाहिलीय. पडवीच्या दोन खांबांना पांढरी चादर ताणलेली, तिच्यावर दिव्याचा प्रकाश, बाहेर आषाढाचा पाऊस. पहिला अर्धा तास मच्छर, तुडतुडे आणि पंखांच्या मुंग्या. मग एकेक पाहुणा येतो. चादरीला अगदी सपाट चिकटून बसणारे पोपटी पतंग, त्यांना इंग्रजीत एमराल्ड म्हणतात. कोरड्या काटकीसारखा दिसणारा एक, हात लावला तरच कळतं की तो जिवंत आहे. हिरव्या-करड्या लाटांच्या नक्षीचा कण्हेरीवरचा हॉक मॉथ, थरथरत उतरतो आणि बसल्यावर दगडासारखा स्तब्ध होतो. नखाएवढे, नखाहूनही लहान, नाव लावणं तज्ज्ञालाही कठीण असे कितीतरी. टॉर्चच्या उजेडात भिंगानं पाहिलं की त्यांच्या पंखांवर सोनेरी रेघा दिसतात. मुलं ओरडायची थांबतात आणि एकमेकांना कुजबुजून दाखवू लागतात.

कधी भिंतीवर अॅटलस पतंग येऊन बसतो. वीत-सव्वा वीत पसरलेले तांबूस पंख आणि त्यांच्या टोकांना सापाच्या तोंडाचा भास. दर पावसाळ्यात कोकणातल्या कुठल्या ना कुठल्या गावातून त्याचा फोटो वर्तमानपत्रात येतो, बरोबर ‘दुर्मीळ’ हा शब्द असतोच. या जिवाला खायचं यंत्रच नाही. त्याला काम करणारी सोंड नाही. अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो आठ-दहा दिवस जगतो, आणि तेवढ्यात त्याला जोडीदार शोधायचा असतो. नराच्या पिसासारख्या मिशा मादीचा गंध फार लांबून टिपतात. म्हणून घरात शिरलेला अॅटलस फोटोंसाठी दिवसभर डब्यात ठेवणं म्हणजे त्याच्या उरलेल्या आयुष्यातला मोठा तुकडा तोडणं. रात्री अंधारात झाडावर सोडून द्यावा.

चादरीचेही नियम आहेत. दोन-अडीच तासांनी दिवा बंद करायचा. चादर हलकेच झटकून झुडपांत रिकामी करायची. पहाटेपर्यंत दिवा ठेवला तर उजाडताच कोतवाल आणि बुलबुल चादरीवर ताव मारतात. त्याच जागी रोज दिवा लावायचा नाही. जुलैच्या शेवटच्या आठवड्याबद्दल माझं एक म्हणणं आहे: तो आठवडा अमेरिकेच्या उन्हाळ्यावर बेतलेला आहे. कोकणात तेव्हा पाऊस कोसळत असतो, दिवा विझतो, पोरं भिजतात. मृगाच्या पहिल्या सरींनंतरच्या रात्री आणि पाऊस ओसरल्यावर अश्विन-कार्तिकातल्या अवसेच्या आसपासच्या रात्री जास्त देतात. चांदणं असलं की दिव्याकडे पतंग कमी येतात. इथल्या मंडळींनी जगाबरोबर जुलै साजरा करावा, पण खरी मोजणी आपल्या ऋतूंना धरून करावी.

पतंग वाचवा म्हटलं की शेतकऱ्याच्या मनात पहिला येतो तो खोडकिडा, आणि त्याचा प्रश्न टाळून पुढं जाता येत नाही. भाताचा पिवळा खोडकिडा हा पतंगच आहे. त्याची अळी खोडात शिरली की आधी गाभेमर होते आणि पुढं पोटरीत आलेल्या लोंब्या पांढऱ्या पळींज पडतात. कर्जतचं भात संशोधन केंद्र शेतकऱ्यांना प्रकाश सापळे आणि कामगंध सापळे सुचवतं ते याचसाठी. यातला कामगंध सापळा मला जास्त पटतो. त्यात एकाच जातीच्या मादीचा गंध असतो, त्यामुळे त्याच जातीचे नर अडकतात. प्रकाश सापळा लावला तर तो संध्याकाळी काही तासच चालवावा, कारण त्याला शत्रू-मित्र ओळखता येत नाही. पेणच्या खारेपाटात भाताचं नुकसान करणाऱ्या पतंगाच्या जाती बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्याच शेताच्या बांधावर त्यांना खाणारे, त्यांच्यात अंडी घालणारे, किंवा भाताशी काहीच देणंघेणं नसलेले जीव शेकड्यांनी. हे शेतकऱ्याला पटतं, फक्त त्याच्याशी बोलायला भाताचं शास्त्र येत असलेलं माणूस हवं.

सागाचीही हीच गोष्ट. भाद्रपद-अश्विनात रोह्याकडच्या डोंगरांवर सागाची पानं जाळीदार होतात, लांबून पाहिलं तर आग लागून गेल्यासारखी तपकिरी. तो सागाची पानं खाणाऱ्या एका बारक्या पतंगाच्या अळ्यांचा प्रताप. झाड त्यानं मरत नाही, आणि पक्ष्यांना मेजवानी होते.

खरी आग मात्र फेब्रुवारी ते मे या काळात लागते. पेण आणि रोह्याच्या उघड्या डोंगरांवर वणव्याच्या लाल रेघा रात्री महामार्गावरून दिसतात. राब भाजणं वेगळं, ते स्वतःच्या शेतात, राखण करून केलेलं असतं. वणवा कुणी नवं गवत फुटावं म्हणून लावतो, कुणी शिकारीसाठी, कुणी विडीचं थोटूक टाकून देतो. कोरड्या महिन्यांत फुलपाखरांच्या आणि पतंगांच्या कितीतरी जाती कोष किंवा अंडं बनून काटक्यांवर, गवताच्या बुडख्यात, पाचोळ्यात पावसाची वाट पाहत असतात. उडणारं फुलपाखरू पळून जाईल, कोष पळत नाही. म्हणून फुलपाखरांसाठी करण्यासारखं सगळ्यात मोठं काम फुलपाखरू दिसत नसताना असतं: गवत वाळायला लागलं की डोंगराच्या पायथ्याशी जाळरेषा काढणं आणि वणवा दिसला की वनखात्याच्या माणसांबरोबर तो विझवायला जाणं. हिरव्या फांद्यांनी झोडपत वणवा विझवणारी तरुण पोरं मला फुलपाखरांचे पहिले रक्षक वाटतात, त्यांना एकाही फुलपाखराचं नाव येत नसलं तरी.

मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं आणि रस्त्याकडेची जुनी झाडं गेली. त्यांच्या बदल्यात दुभाजकावर कण्हेर आणि बोगनवेल येते. कण्हेरीवर हबशी आणि हॉक मॉथ अंडी घालतात, आणि बाहेर पडलेला जीव पहिल्याच उड्डाणात गाडीच्या काचेवर आपटतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळानं अलिबाग-मुरूड-श्रीवर्धनपासून रोह्यापर्यंत आमराया, नारळी-पोफळी आणि रानं झोपवली. त्यानंतर लोकांनी बागा पुन्हा लावल्या, त्यात बांधाची झुडपं कुणी मुद्दाम लावली नाहीत. त्यांना अनुदान नाही.

या सगळ्यानं पेण-रोह्यातली फुलपाखरं किती कमी झाली? याचं उत्तर एका जागी, एकाच रीतीनं, वर्षानुवर्षं मोजल्याशिवाय मिळत नाही. जर्मनीत क्रेफेल्ड शहरात १९०५ सालापासून हौशी कीटकप्रेमींचं एक मंडळ आहे. त्यांनी ६३ संरक्षित जागांवर २७ वर्षं एकाच पद्धतीचे सापळे लावले आणि सापडलेल्या उडत्या कीटकांचं वजन करून ठेवलं. २०१७ साली ते आकडे प्रसिद्ध झाले तेव्हा जग हादरलं: वजन तीन-चतुर्थांशाहून अधिक घटलं होतं. ब्रिटनमध्ये १९६८पासूनच्या प्रकाश सापळ्यांच्या जाळ्यानं मोठ्या पतंगांची संख्या पन्नास वर्षांत ३३ टक्क्यांनी उतरल्याचं दाखवलं. दोन्हीकडे हे काम वर्षानुवर्षं तडीस नेलं ते मुख्यतः हौशी माणसांनी.

फुलपाखरं मोजण्याची रीत त्याहून सोपी आहे. ब्रिटनमध्ये १९७६पासून ती चालू आहे. एक वाट ठरवायची. आठवड्यातून एकदा, ऊन असताना, सावकाश चालायचं. दोन्ही अंगांना अडीच-अडीच मीटर आणि पुढं पाच मीटर, एवढ्यात दिसेल तेवढंच मोजायचं, त्यापलीकडे कितीही सुंदर काही उडालं तरी नाही. अवचितगडाच्या पायथ्याची एक वाट, कुंडलिकेच्या काठची एक, महालमिऱ्याच्या चढाची एक, खारेपाटातला एखादा बांध, एवढ्या चार वाटा दहा वर्षं चालल्या तर या दोन तालुक्यांबद्दल ठामपणे बोलता येईल. २०२०पासून सप्टेंबरात देशभर बिग बटरफ्लाय मंथ असतो. त्यात हजारो फोटो जमतात, ते उपयोगी आहेत. पण फोटो दुर्मीळ गोष्टीचा काढला जातो, आणि घटत जाते ती नेहमीची गोष्ट. टाकळ्यावरचं पिवळं फुलपाखरू गेल्या वर्षी पन्नास होतं आणि यंदा वीस, हे कॅमेरा सांगत नाही, वही सांगते.

आणि वहीला ठेवायला जागाही आहे. २००२च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असणं बंधनकारक केलंय. राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२०ची मुदत घातली तेव्हा ठिकठिकाणी या नोंदवह्या घाईघाईनं भरल्या गेल्या. ती वही पंचायतीच्या कपाटात असते, आणि गावातला कुणीही ती पाहायला मागू शकतो. मागावी. पुष्कळदा तिच्यात झाडांची लांबलचक यादी असते आणि किड्यांचं पान जवळजवळ कोरं. तिथं पाच रकाने आखावेत: पान, अळी, फुलपाखरू किंवा पतंग, महिना, जागा. ज्या वाटेवर ईश्वरी आहे, ज्या ओढ्याशी माकडलिंबू आहे, ती जागा गटनंबरासकट लिहावी, म्हणजे उद्या त्या गटातून रस्ता किंवा प्लॉट आखला गेला तर हरकत घ्यायला हातात कागद असेल. २६ जानेवारीची ग्रामसभा वणव्यांच्या हंगामाच्या तोंडावर येते. तिच्यात दोन ठराव मांडता येतात: एक, गावाच्या हद्दीतल्या डोंगराला जाळरेषा काढण्याचा. दुसरा, गायरानाच्या आणि रस्त्याच्या कडेची झुडपं सरसकट साफ न करण्याचा. ग्रामपंचायत अधिकारी विचारील, झुडपं कशासाठी ठेवायची? तेव्हा वहीतलं ते पान उघडून दाखवायचं.